हवालदारासमोरची तपासणी

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्याला आठ महिने झाले. मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, म्हणून इतके दिवस गप्प होते. आज नाही राहवत. उद्या सकाळी मी एक अहवाल बदलून द्यावा, असं आमच्या रुग्णालयाच्या अधीक्षकांचं म्हणणं आहे. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला त्याचं उत्तर देता येणार नाही.

आज ओपीडीत, तुम्ही इतकी वर्षं रोगी तपासलेत त्याच खोलीत, दोन पोलिसांनी केळझरकडच्या एका माणसाला आणलं. मोटारपंप चोरल्याचा संशय. उद्या कोर्टात उभं करायचं, त्याआधीची नेहमीची तपासणी. चाळिशीचा धडधाकट माणूस, पण पाय जमिनीवर नीट टेकवत नव्हता. "मारलं का कोणी?" मी विचारलं. त्यानं आधी हवालदाराकडं पाहिलं. "नाई मॅडम, काई नाई झालं."

मी पोलिसांना बाहेर जायला सांगितलं. तर वयस्कर हवालदार हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाबांनी आमाले कधी बाहेर नाई काढलं. दोन मिनिटात कागद भेटत होता."

कौतुकानं म्हणाला हो, बाबा! तुमच्या कौतुकानं!

दार लावल्यावर त्या माणसानं चप्पल काढली. दोन्ही तळपाय काळेनिळे, सुजलेले. "घरी नोका सांगजा मॅडम, बायको घाबरते," एवढंच बोलला. मी जे दिसलं ते सगळं लिहिलं.

आणि तुम्ही? साखरेचा रोगी आला की आधी चप्पल काढायला लावायचात, खाली वाकून तळपाय बघायचात. सेलूपासून माणसं यायची त्यासाठी. मग पोलिसांनी आणलेल्यांच्याच चपला पायात का राहू दिल्या?

शिकत असताना मी हे एकदा विचारलं होतं. सिंदी मेघेतल्या आपल्या घरात, जेवताना. तुम्ही म्हणालात, "तो सवताहून काई बोलला का? नाई ना? मंग मी काय लिहू? आपल्याले इथंच राह्यचं आहे, मंजू." मी मुकाट्यानं पोळी वाढून घेतली. त्याचीही चीड येते आता.

युद्ध असो की दंगा, छळाला कोणतीच सबब चालणार नाही, असा करार जगातल्या देशांनी केलाय. आपल्या देशानं त्यावर सही केली, पण ती पक्की करणं आणि त्यासाठी वेगळा कायदा करणं अजून बाकीच आहे. सही करून गप्प बसायची सवय तुम्हा एकट्याची नव्हती तर! डॉक्टरांसाठीच्या जागतिक सूचना तर किती साध्या आहेत: तपासताना पोलीस खोलीत नको. एक दार लावायचं, बस. तेवढंही तुमच्याच्यानं झालं नाही?

अधीक्षक म्हणतात, "पडल्यामुळे जखमा, असं लिहा." तळपायांवर कोण पडतं, बाबा? आणि मी तसं लिहिलं, तर उद्या कोर्ट त्याला परत त्याच कोठडीत पाठवेल.

म्हणून शब्द देते. अहवाल बदलणार नाही. माझी बदली करतील, करू देत. आणि पुढे मला साक्षीला बोलावलं आणि कोर्टात कुणी म्हणालं, की यांचे वडील इतकी वर्षं असंच करत होते, तर मी तुमची बाजू घेणार नाही. माझे बाबा चुकत होते, असं उभी राहून सांगेन. रडू आलं तरी सांगेन.

तुमच्यावर चिडलेली, तरी तुमचीच,
मंजू