आत्याच्या कुत्र्यांचं मूळ

३ मार्च, सोमवार

आम्ही दिलेला चौथा कुत्राही गेला. जेमतेम दीड वर्षाचा. पळता पळता बसला तो उठलाच नाही. मालकीणबाई फोनवर रडत होत्या.

आणि पुढच्या सोमवारी कुत्र्यांच्या जाती ठरवणाऱ्या समितीची बैठक! आत्याने चाळीस वर्षं जपलेली ही जात — वीतभर उंची, रेशमी कान, सदा कुणाच्या तरी मांडीवर — तिला आता मान्यता मिळायची आहे. जातीचा इतिहास मी लिहून द्यायचाय.

४ मार्च

कुत्र्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चौघांचंही हृदय कमजोर होतं. पिढ्यानपिढ्या घरातल्या घरात जोड्या लावल्या, त्याचं हे फळ. बाहेरचं रक्त आणा, नाहीतर दहा वर्षांत एकही उरणार नाही.

पण मान्यता मिळाली की वंशाची नोंदवही बंद. मग बाहेरचा कुत्रा चालत नाही.

६ मार्च

इतिहासासाठी आत्याची जुनी पेटी उपसली. लहानपणापासून ऐकत आलेय — मूळ कुत्री राजवाड्यातली, राणीच्या दासीने आत्याच्या ओटीत घातलेली. कागदांत राजवाड्याचा पत्ताच नाही. कोंडवाड्याचा एक दाखला सापडला : ‘भटकी कुत्री, एक. गाभण.’ तारीख पहिल्या पिल्लांच्या जन्माच्या तीन आठवडे आधीची.

दाखला घडी घालून या वहीत ठेवला.

७ मार्च

जेवताना दाखला पुढे ठेवला. आत्याने तो वाचून उलटा ठेवला.

“भटकीची पिल्लं कुणी नेली असती गं? राणीची म्हटल्यावर लोकांनी रांग लावली.”

मी म्हटलं, समितीला खरं सांगू. मान्यता मिळणार नाही, पण नोंदवही उघडी राहील, कुत्री जगतील. तिने ताट सारलं.

“मी मेल्यावर सांग काय ते.”

८ मार्च

आत्याने आज जेवणाचं ताट स्वतःच्या खोलीत नेलं.

९ मार्च

इतिहास दोनदा लिहिला. एकात राजवाडा, एकात कोंडवाडा. कुठला नेऊ? ज्या बाईने मला वाढवलं, तिला चारचौघांत खोटं पाडायचं?

दुपारी तिच्या खोलीत डोकावले. मांडीवरच्या कुत्रीच्या छातीला कान लावून बसली होती. मी आलेलं कळलंही नाही.

१० मार्च

दोन्ही कागद घेऊन बैठकीला गेले. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या आत्याबाई सकाळीच येऊन गेल्या. सगळं सांगितलं, अर्जही मागे घेतला.

घरी आले तर आत्या दारातच उभी. म्हणाली, “डॉक्टरांना विचार, बाहेरचा कुत्रा कधी आणायचा.”