अयोध्याची जीप आणि हरभऱ्याचं रान

हिमायतनगर, १८ ऑक्टोबर २०२४

ती. मन्मथदादास, अयोध्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर सासूबाई शेजारी असतात, म्हणून एसटीच्या कंडक्टरजवळ हे पत्र. तू दिलेली जुनी फौजी जीप वखर ओढत नाही. जरा पुढं गेली की मागची चाकं रुततात. लोक बांधावर उभे राहून हसून राहिलेत. सोयाबीन निघालं, ओल उडून चालली, हरभरा पेरायचा कधी? गावातले ट्रॅक्टर सगळे बोलून ठेवलेले. शिवशंकर भावजींचा तेवढा रिकामा, पण ते म्हणतात, रान बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यानं द्या, मग घालतो. हे तर वारले, आता एकदा बटईनं गेलेलं रान माझ्या हाती परत येईल का, तूच सांग. सासूबाई त्यांच्याच बाजूच्या. भावजींच्या सांगण्यावरून जीपमध्ये मागं दगड भरले, तर जास्तच रुतली. चारही चाकं ओढतात म्हणाला होतास. मला तर दोनच दिसतात.

लोभ राहू दे, उत्तर मात्र लवकर दे.

तुझी वैतागलेली
अयोध्या

जळकोट, १९ ऑक्टोबर

चि. अयोध्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. परवा तू फोन जीपजवळ धरलास तेव्हाच ऐकलं मी. मागची चाकं कण्हत होती, पुढची मोकळीच गुणगुणत होती. मागं काय भरलंय विचारलं, तर तू फोनच ठेवलास, सासूबाई आल्या असणार. अगं, वखरावर दगड ठेवतात ते पातं जमिनीत उतरावं म्हणून. जीप म्हणजे वखर नव्हे. मागं ओझं टाकलं की तिचं नाक वर होतं, मग पुढची चाकं ओढणार कशी? भावजींनी मुद्दाम सांगितलं असं म्हणत नाही, बैलांमागं वाढलेला माणूस. पण स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नाकावर टांगलेली लोखंडी वजनं त्याला दिसत नाहीत होय?

तेच दगड पोत्यात घालून पुढच्या बंपरला बांध. वखराची साखळी मागच्या खालच्या हुकात अडकव, गियरजवळच्या दोन्ही छोट्या दांड्या लाव म्हणजे चारही चाकांना जोर येईल, आणि माणसाच्या चालीनं हाक. सगळं रान होईल अशी थाप मारत नाही, म्हातारी गाडी आहे. पण तोवर बटईला हो म्हणू नकोस.

माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

मन्मथदादा

हिमायतनगर, २२ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

दगड पुढं बांधत होते तर सासूबाई आल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. तर त्यांनी पोत्याचं दुसरं टोक धरलं. जीप निघाली, चारही चाकांनी. निम्मं रान वखरून झालं आणि रेडिएटर फुटला. भावजी वाटच बघत असल्यागत आले, वहिनी, ट्रॅक्टर घालू का म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "घाल की. पण भाड्यानं. बटईचं नाव काढायचं न्हाई. रान तीच पेरती, तिचं राबणं मी बघितलंय."

भावजींनी ट्रॅक्टर घातला. हरभरा आज पेरून झाला. तुझी जीप अजून रानातच आहे. घेऊन जा म्हणत नाही, येऊन नीट कर.

तुझी
अयोध्या