सिंगापूरचे मामा

नारपोली, भिवंडी
२७ नोव्हेंबर २०२५

चि. केसरीनाथ यास अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिले, लायकी पाहून नव्हे.

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी सात. माझ्या घड्याळात सात वाजले असताना तुझा निरोप आला की विमानात बसलो, इथे आता सात वाजलेत, साडेपाच तासांनी, साडेबाराला मुंबईत उतरतो. मी तो सगळ्या पाहुण्यांना वाचून दाखवला. साडेचारचा मुहूर्त टळला तरी मृणाली खोलीतच बसून राहिली. मामाने हात धरल्याशिवाय बोहल्यावर जाणार नाही म्हणाली. वराच्या आत्याने विचारलं, तुमचा भाऊ पोहत येतोय का? शेवटी शेजारचा मोरू म्हणाला, मी हाय ना, रडतेस कशाला, आणि तिला घेऊन आला. पोरगी चालताना मागे दाराकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झालं आणि शाळेत शिकलेला भूगोल आठवला. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. आपल्याकडे सात, तेव्हा तिथे साडेनऊ. अकरा वर्षं तिथे काढलेला माणूस हे विसरेल? तिथे नसलेलाच विसरेल. चुलतभाऊ अनंताला खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तू जूनपासून खारबावला खोली घेऊन राहतोस. चार हजार किलोमीटर लांबचा भाऊ रिक्षाच्या अंतरावर निघाला!

खुलासा कर.

अजून तरी तुझी बहीण,
विनिता

खारबाव
३० नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास शि. सा. नमस्कार, वि. वि.

कंपनीने मे महिन्यात घरी पाठवलं. आता मानकोलीला एका गोदामात खोकी उचलतो. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

लग्नाला यायचंच होतं. म्हणूनच तो निरोप पाठवला. शेजाऱ्याची चाकवाली बॅग मागून घेतली, विमानातून उतरल्यासारखा तयार झालो. हॉलच्या फाटकात तू लावलेला फ्लेक्स दिसला. माझा जुना, ओळखू न येणारा फोटो, खाली ‘सिंगापूरचे मामा’. आणि त्याच्याखाली पाहुण्यांना गुलाब देत उभा आमचा सुपरवायझर! वराचा काका निघाला. तो मला रोज ए केशा, हात चला जल्दी असं ओरडतो. मी आत आलो असतो तर सगळ्यांसमोर तुझी मान खाली गेली असती. बॅग घेऊन मागे फिरलो.

मृणालीला सांग, विमान अर्ध्यातून परत नेलं. एवढ्या कारणाने माया आटू देऊ नकोस.

तुझा,
केसरी

नारपोली, भिवंडी
३ डिसेंबर २०२५

चि. केसरीनाथ यास आशीर्वाद.

फ्लेक्स मी लावला आणि मला त्याची लाज नाही. खोकी उचलण्याचीही नाही. आपले बाबा मिठागरात पाट्या वाहायचे, तेव्हा माझी मान खाली गेली नव्हती. तू फाटकातून परत फिरलास तेव्हा गेली. सिंगापूरहून यायला साडेपाच तास कोणालाही लागतात. फाटकापासून बोहल्यापर्यंत किती लागले असते रे? तुझी बहीण मी आहे, की वराचा काका? सहा महिने तू मला त्याच्याच रांगेत बसवलंस.

विमानाची गोष्ट मृणालीला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. दुसऱ्याचं खोटं मी पोचवत नाही. रविवारी, १४ तारखेला ती जावयांना घेऊन माहेरी येते आहे. मामा का आला नाही, असं ती रोज विचारते. उत्तर तू तिच्यासमोर बसून द्यायचंस.

येणार की नाही, ते बुधवार, १० डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या हाताने लिहून माझ्या दारात पोचव. मोबाइलवरून नको. त्यावरून तू सहज सिंगापूरला पोचतोस.

विनिता