आशीच्या खांद्यावरचा हिरवा टिपका

मंगळवार, दिवेलागण. कोइमतूर.

डोकं तापलंय, आणि भट्टीनं न्हाई, फोननं.

माझ्या बहिणीचं, आशीचं, म्हसवडचं स्थळ अडकलंय. का? तर औंधला यमाईच्या डोंगरावर काढलेल्या फोटूत तिच्या खांद्यावर हिरवा टिपका दिसतोय. पोराची आत्या म्हणाली, "पोरीवर कायतरी हाय." आणि आमच्या माणसांनीबी मान डोलावली! त्याच फोटूत वरच्या कोपऱ्यात मावळता सूर्य ढळढळीत दिसतोय, तो कुणाला दिसंना.

मी सातवी नापास. पण सोनं वितळवायच्या भट्टीपुढं सहा वर्षं काढलीत. पेटलेल्या भट्टीचा फोटू काढला की असाच टिपका उमटतो, उजेडाच्या बरोबर समोरच्या बाजूला. फोन हलवला की टिपकाबी हलतो. उजेड फोनच्या काचंत आपटून माघारी फिरतो, एवढंच. भूत असतं तर फोनाबरोबर नाचलं असतं व्हय?

म्हणून आज भट्टीशेजारी उभा राहून फोटू काढून घेतला. टिपका बरोबर माझ्या कपाळावर आला. आईला पाठवला, म्हटलं, हा त्या आत्याला दाखव.

तासाभरात आईचा फोन, रडतच. "लेकरा, तुझ्यावरबी आलंय रं ते! काम टाक आणि निघ."

"अगं, आत्याला दाखवलास का?"

"दाखवला की. म्हणाली, भाऊबी तसलाच हाय."

मी फोन आपटला. इतका राग कवा आला न्हवता.

पण निघणार हाय. शेठकडं रजा मागितली. म्हसवडला जाऊन त्या आत्यालाच मावळतीला अंगणात उभी करतो, आणि समद्यांसमोर तिचा फोटू काढतो.