पाकिटातली दोन रबरं

प्रिय ताई,

पाकीट हाताला जाड लागलं असेल. आत कागदाची एक पुडी आहे, ती आत्ताच उघडू नकोस. आधी पत्र पूर्ण वाच. तिसऱ्यांदा उतरवून काढतोय. पहिल्या दोन्ही वेळा खाडाखोड फार झाली, आणि तू म्हणाली असतीस, तपासनीसाच्या पत्रात खाडाखोड, जग बुडालं की काय!

आई बरी आहे. तिला नवा चष्मा लागलाय. सुईत दोरा ओवायला ती आता मला हाक मारत नाही, आणि खरं सांगू, मला ते थोडं लागलंच. मामांनी माझ्यासाठी कुरिअरच्या ऑफिसात शब्द टाकलाय. पाकिटं पत्त्यांप्रमाणे लावायची, पंख्याखाली बसून काम, कपड्यांना डाग नाही. आई त्यांच्याच बाजूची. गॅरेजमधून आलो की ती माझ्या नखांकडे बघते आणि साबणाची वडी पुढे करते. दुसरीकडे गॅरेजचे मिस्त्री म्हणतात, एक तारखेपासून ब्रेकचं सगळं काम तुझ्याकडे, शनिवारी हो की नाही ते सांग.

तुला आश्चर्य वाटेल. मलाही वाटलं. परीक्षेत पहिलं उत्तर पुन्हा पुन्हा तपासताना शेवटच्या प्रश्नापर्यंत न पोचणारा मी. नववीतच शाळा सुटली ती त्यामुळेच. औषधाच्या दुकानात प्रत्येक बाटलीवरची तारीख दोनदा वाचायचो, तर मालक म्हणाले, बाबा रे, तोपर्यंत गिऱ्हाईक बरं होऊन घरी जाईल. गॅरेजमध्येही पहिला महिना सगळे हसायचे. चाकाचे नट आवळून झाले की मी गाडीला एक फेरी मारून परत तेच नट बघायचो. एकदा मिस्त्रींनी ते पाहिलं. वाटलं, आता इथूनही नारळ. ते म्हणाले, "ब्रेकला असाच भित्रा माणूस लागतो. धीट माणसांनी केलेले ब्रेक मी आयुष्यभर परत उघडत आलोय." ताई, माझ्या भित्रेपणाचं कुणी कौतुक करण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी मी घरी चालत आलो नाही, तरंगत आलो.

मला हे काम आवडतं. चाक उघडलं की आतली प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे असते आणि जे बिघडलंय ते लपून राहत नाही. काढलेले स्क्रू मी ताटलीत ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडतो. मिस्त्री त्याला माझं देवघर म्हणतात.

एक गोष्ट तुला आजवर कळवली नव्हती. गॅरेजच्या मागच्या आवारात तुझी पावाची गाडी आहे. बेकरीच्या मालकांनी ती अपघातानंतर भंगारात काढली, आणि सुट्या भागांसाठी मिस्त्रींनी घेतली. डावा दिवा फुटलेला, पुढचा पत्रा लाँड्रीच्या भिंतीला धडकून आत गेलेला, तसाच. आरशाला तू बांधलेली निळी रिबन अजून आहे. पहिले काही दिवस मी त्या बाजूला जायचंच टाळलं. पहाटे गाडी काढताना तू दोनदा हॉर्न द्यायचीस आणि आख्खी गल्ली तुझ्या नावाने बोटं मोडायची, ते आठवायचं. तुझ्याइतकं खुशीत कामावर जाणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मग तो उतार, ती भिंत, तुझा गुडघा. मालक चारचौघांत म्हणाले, बाईच्या हातात गाडी दिली ही माझीच चूक. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. पण तू म्हणालीस, माझाच पाय उशिरा पडला. चार वर्षं तू तिकडे बिस्किटांचे पुडे भरतेस आणि रिक्षात बसतानाही डोळे मिटून घेतेस, असं आई सांगते.

गेल्या महिन्यात मिस्त्रींनी मला दोन वाट्या आणायला सांगितल्या. एकीत ब्रेकचं तेल ओतलं, दुसरीत साधं मशीनचं, आणि दोन्हींत ब्रेकच्या पंपातलं एकेक नवं रबर टाकलं. दोन दिवसांनी दाखवलं. पहिलं होतं तसंच. दुसरं फुगून मऊ पडलेलं, भिजवलेल्या पावासारखं. असं रबर आत फुगलं की ब्रेक पुरते सुटत नाहीत. चाकं घासत राहतात, तापतात, आणि शेवटी आतलं तेल उकळतं. मग उतारावर पाय दाबला की पेडल थेट खाली बसतं. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा घट्ट, त्यामुळे नंतर तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. मिस्त्री सांगत होते आणि मला तुझा आवाज ऐकू येत होता. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात तू जेवताना म्हणाली होतीस, गाडी जड चालतेय गं आई, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी.

आता ते लिहितो, ज्यासाठी हे पत्र आहे. तू जेवताना ते म्हणालीस, त्याच्या आदल्या रविवारी मी तुझी गाडी धुतली होती, आठवतं? पुढचं झाकण उघडून आतही पुसलं. ब्रेकच्या डबीतलं तेल वरच्या रेघेच्या बोटभर खाली दिसलं. मला ते बघवेना. डबीच्या झाकणावर बारीक अक्षरांत इंग्रजी सूचना होती, ती मला कळली नाही. तुला विचारायला हवं होतं, पण तू झोपली होतीस. आईच्या शिवणयंत्राचं तेल घरातलं सगळ्यात स्वच्छ, म्हणून तेच रेघेपर्यंत भरलं. तुला सांगितलंही नाही. वाटलं, सांगायचं काय त्यात. परवा मी तुझ्या गाडीचा पंप उघडला. पुडीत दोन रबरं आहेत, एक नवं आणि एक तुझ्या गाडीतलं. शेजारी ठेवून बघ. मिस्त्रींना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले, मग म्हणाले, "आधी तिला कळव. ती काय म्हणते ते ऐकून मग शनिवारी माझ्यासमोर उभा राहा." बेकरीच्या मालकांकडे हे सांगायला मी उद्याच जाणार आहे, त्यासाठी तुझ्या उत्तराची वाट बघणार नाही. ब्रेकला पुन्हा हात लावावा की नाही, ते मात्र तूच सांग. नाही म्हणालीस तर पाकिटं लावीन, आणि तुझ्यावर रुसणार नाही. पण तुझं उत्तर येवो न येवो, एवढं तुझ्याजवळ राहू दे. तुझा पाय वेळेवर पडला होता, ताई. मी तीनदा तपासलं.

तुझाच,
तपासनीस