राणीच्या केपचे टाके

प्रिय चिमणे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस की तू हे पत्र बाजूला ठेवशील, अशी मला धास्ती आहे. ठेव, पण फाडू नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर मी गुळमुळीत बोलते, मग तू मधेच "जाऊ दे गं" म्हणतेस, आणि मला तेवढंच हवं असतं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

आधी आनंदाची बातमी. गाण्याच्या बाईंचा आवाज परत आला! गेल्या मंगळवारी दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत एका पँटची चेन उसवत बसले होते, तर बाहेरून खणखणीत हाक आली, "ढब्बू, अगं आहेस का जिवंत?" कुणी नवं गिऱ्हाईक असेल म्हणावं, तर नव्या गिऱ्हाइकाला माझं हे नाव कसं ठाऊक? पडदा सारून बघते तो काउंटरवर दोन्ही हात टेकून बाई उभ्या. आधी कित्येक महिने वहीत लिहून बोलायच्या, मग कुजबुजत. आणि आता शाळेत परत वर्ग घेतात म्हणाल्या. वरचे सूर अजून रुसतात, पण विनवण्या केल्या की येतात. मी तिथेच स्टुलावर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. बाईंना वाटलं, आनंदानं. आनंद होताच, चिमणे. पण नुसता आनंद नव्हता.

तू मंडळी सोडून गेल्यापासून आपल्या कामाच्या खोलीची कळा गेली आहे. फोमच्या शीटा कोपऱ्यात तशाच गुंडाळून पडल्यात. आपल्या खेळातले सरदार स्वतः चिलखत करायला बसले होते. डेपोत बसचं वेळापत्रक आखणारा माणूस तो, मापं अगदी चोख घेतली; पण फोम तापवायची हीट गन इतकी जवळ धरली की छातीच्या कवचाचा पापड झाला. तू कसं करायचीस! दवाखान्यात दिवसभर लोकांच्या हातापायांना प्लास्टर घालून यायचीस आणि इथे तोच हात फोमवर फिरवायचीस. फोम ऊबदार झाला की कुणाच्या तरी खांद्यावर दाबून धरायचीस आणि म्हणायचीस, "हलू नका, हाड जुळतंय." मग काळा रंग, त्यावर कोरड्या ब्रशनं चंदेरी, आणि कडांना किसणीनं ओरखडे. दहा पावलांवरून अस्सल लोखंड वाटायचं. मी राखाडी लोकरीची जाळी विणून तिचं साखळीचिलखत करायचे, जुने पडदे चहाच्या पाण्यात बुडवून शंभर वर्षांचे करायचे. एकदा त्याच पातेल्यात सासूबाईंनी खरा चहा केला, आठवतं? दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

सासूबाईंना अजूनही वाटतं, आपण नाटक करतो. स्टेज नसतं, संवाद पाठ नसतात. दोन दिवस रानातल्या त्या शिबिराच्या जागेत जो तो आपापलं पात्र होऊन राहतो, त्याच वेशात जेवतो, रुसतो, कट करतो, फोमच्या तलवारींनी लढतो, हे मी सांगून सांगून थकले. त्यांनी एकच विचारलं, "बघायला कुणी नसतं, मग आतली शिवण एवढी नीट कशाला घालता?" मी म्हटलं, घालणाऱ्याला कळतं ना. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

कारण ती केप. गडद जांभळी, खांद्यांवरून जमिनीवर हातभर लोळणारी, बाईंच्या राणीसाठी केलेली. कापड माझं, बेत तुझा. गळ्याशी बिरड्याच्या खाली तू चुंबकाची जोडी बसवलीस आणि आम्हा सगळ्यांना उभं करून बजावलंस, की गळ्याभोवतीची कुठलीही वस्तू ओढ बसली की सुटलीच पाहिजे. दिसायला कशीही असो. स्वतः घालून बघितलीस, मला मागून ओढायला लावलंस, टप्पकन सुटली. गेल्या वर्षीच्या खेळात दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फाटकातून पळाल्या, केप खिळ्यात अडकली आणि सुटली नाही. त्या मागच्या मागे गळ्यावर लटकल्या. सरदारांनी कात्रीनं केप कापली. पुढचं तू पाहिलंच आहेस. रुग्णवाहिका येईपर्यंत बाईंची मान तूच धरून बसली होतीस.

त्यानंतरच्या बैठकीत कुणी तुला दोष दिला नाही, पण तुझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. तूच म्हणालीस, "चुंबक जास्त जोराचं लागलं असेल. माझीच चूक." आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

चिमणे, चुंबक बरोबर होतं. खेळाच्या आदल्या दिवशी बाईंनी केप घालून बघितली, तेव्हा ती तीनदा सुटून पडली. कापड जड होतं, तेही मीच आणलेलं. बाई हिरमुसल्या. तू ड्यूटीवर होतीस. मी म्हटलं, थांबा, देते पक्की करून. बिरड्याखाली मेण लावलेल्या दोऱ्यानं दहा टाके घातले. चपलांचे बंद शिवायचा दोरा तो. तुला सांगायचं असं ठरवलं होतं, मग गडबडीत राहून गेलं. इथवर चूक म्हणता येईल. पण अपघातानंतर कापलेली केप आवरायला माझ्याकडे आली, तेव्हा मी ते दहा टाके उसवले, दोरा फेकून दिला आणि नुसती चुंबकं लावलेली पट्टी सरदारांच्या हातात दिली. ही चूक नव्हती. हे मी केलं.

मंगळवारी बाई म्हणाल्या, "मला परत खेळात यायचंय. केप चिमणीच्याच हातची हवी. तिला सांग, माझा तिच्यावर काडीचा राग नाही." तुझ्यावर राग नाही, हे त्या मला सांगत होत्या! मग मला गप्प बसवेना. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, दोरा फेकल्याचंसुद्धा. बाईंनी पाणी मागितलं. बराच वेळ प्यायल्या. मग विचारलं, "मी आरशात बघत होते, तेव्हा मागून शिवत होतीस तेच का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तू पट्टी सरळ करतेयस." मग ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "तुझ्यावर रागवायचं काम मी सावकाश करीन. पण मला एकटीला सांगून हे भागणार नाही."

रविवारी मी बैठकीत सगळ्यांसमोर बोलले. सरदार उठून बाहेर गेले, फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, यापुढे गळ्या-डोक्याची वस्तू मी एकटीनं शिवायची नाही; दोघांनी ओढून बघितल्याशिवाय काही रानात जायचं नाही. मी मान्य केलं. दोघीतिघी माझ्याशी बोलल्या नाहीत, तेही बरोबरच. आणि तरी घरी येताना मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. वर्षभरानं पोटभर जेवले. सासूबाई म्हणाल्या, "आज काय लॉटरी लागली?" तर त्यांनाही सांगितलं. त्यांनी फक्त आणखी एक पोळी वाढली.

मंडळी त्याच संध्याकाळी तुझ्याकडे यायला निघाली होती. मीच त्यांना थांबवलं, कारण हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळता कामा नये. पण खरं सांगू, मंगळवारी बाई आल्या नसत्या तरी हे पत्र मला लिहावंच लागलं असतं. त्याच्या आधी तीन दिवस भावोजी बसथांब्यावर भेटले होते. त्यांनी सहज सांगितलं, तू प्लास्टरच्या खोलीतून बदली मागून घेतलीस, आता खिडकीत बसून केसपेपर काढतेस. पट्टी गुंडाळायला घेतली की हात थरथरतात म्हणे. घट्ट झाली की सैल, तेच तुला कळेनासं झालंय. बावीस वर्षं हाडं जुळवणाऱ्या बाईला! ते मी केलंय, चिमणे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. क्षमा मागायला वेगळी येईन, तू बोलावशील तेव्हा. पण उद्याच्या उद्या प्लास्टरच्या खोलीत परत बदली मागून घे. तुझ्या हातांना कधीच काही झालेलं नव्हतं.

तुझीच, बोलावशील तर,
ढब्बू