आईचा शेक आणि आकांक्षाचं लग्न

मस्तगड, जालना
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पांच्या पायी प्रेमलाचा नमस्कार, वि. वि.

फोन केला की आई शेजारीच असते, म्हणून लिहून राह्यले. गर्भपिशवीच्या तोंडाची गाठ आकसत चाललीय. किरणांच्या शेकानं जुलाब होतात, अंग गळतं, तरी माझ्या भाकरीला नावं ठेवायची ताकद आहे.

पण तिनं हट्ट धरलाय. धाकट्या आकांक्षाच्या लग्नाला पंधरा दिवस गावाकडं यायचं, मंग उरलेला शेक घ्यायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेरून मशीनचा नि आत नळी घालून द्यायचा शेक मिळून आठ आठवड्यांत संपायलाच पाहिजे. मधे खंड पडला की गाठीतल्या उरलेल्या पेशी जोर धरतात, मागून जास्त शेक देऊनही ते भरून निघत न्हाई. आई म्हणते, माझ्याशिवाय पोरीवर अक्षता पडू देणार न्हाई. काय करू, कळवा.

तुमची प्रेमला

मंठा
७ फेब्रुवारी

चि. प्रेमला, उदंड आशीर्वाद.

पत्र वाचलं नि परतूरला व्याह्यांकडं गेल्तो. मांडव ठरलेला, पाहुण्यांना सांगावे गेलेले. तारीख पुढं ढकला म्हणायला जीभ उचलंना, नुसतं दुखणं नि शेकाचं सांगितलं. नवरदेवाच्या आजीनं, केशरबाईनं, सगळं ऐकून घेतलं. पोराची आई कशानं गेली ते आपल्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेला हेच दुखणं होतं. कापसाची वेचणी उरकून येते म्हणून शेक अर्ध्यात सोडून आली. परत गेली तवा गाठ वाढली होती. लग्न थांबंल, मल्हारीभाऊ. शेक थांबवू नका."

आकांक्षा तर बिलकुल हसून राजी झाली. तुझ्या आईला, साखराबाईला, माझ्या शब्दात सांग, तुझ्याशिवाय अक्षता पडणार न्हाईत. तब्येतीला जप, तिच्यापायी स्वतः उपाशी राहू नको.

तुझा आप्पा, मल्हारी

मस्तगड, जालना
६ मार्च

तीर्थरूप आप्पांना नमस्कार.

काल शेवटचा शेक झाला, ठरल्या मुदतीच्या आत. मधे एकदा आईचं रक्त कमी झालं, पण बाटली चढवली नि शेक चुकू दिला न्हाई. गाठ आता हाताला लागत न्हाई, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खरं काय ते तीन महिन्यांच्या तपासणीत कळंल.

केशरबाई रेल्वेनं आल्त्या. शेकाच्या खोलीबाहेर बसल्या. आई चालत बाहेर आली तशा उठल्या नि पदरानं तिचं तोंड पुसलं. म्हणाल्या, आता तारीख तुम्हीच धरा, विहीणबाई.

आईनं त्यांचा हात धरला. मंग म्हणाली, "पावसाळ्याआधी धरू. नवरदेवाला हळद आपण दोघी मिळून लावू."

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची लेक
प्रेमला